गार्निश : ताटातलं आणि नोटिशीतलं

गटांनी जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केल्यापासून एक इंग्रजी शब्द आपल्या चुलीपाशी येऊन बसलाय, ‘गार्निश’. आपण म्हणतो, पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरा. आपला शब्द शेतातून ताटात आला. गार्निश मात्र आलाय किल्ल्यातून!

जुन्या फ्रेंच भाषेत ‘गार्निर’ म्हणजे सज्ज करणं, किल्ल्यात माणसं, हत्यारं भरून ठेवणं. त्याच्याही मागचा अर्थ सावध करणं. सावध झालेला माणूस तयारीला लागतो, तसा अर्थ पुढे सरकला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांची फ्रेंच तिथल्या दरबारात, कोर्टात बोलली जाऊ लागली. तिच्यातून हा शब्द इंग्रजीत गेला. सज्ज करण्यावरून सजवणं झालं, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस तो जेवणाच्या ताटावर आला. आपल्याकडेही ‘सज्ज’ आणि ‘सजवणं’ एकाच मुळाचे आहेत, बघा.

तिथल्या तुरुंगात नव्या कैद्याकडून जुने कैदी पैसे उकळत, त्यालाही गार्निशच म्हणत. पैसे नसले तर अंगावरचे कपडे द्यायचे. जॉन हॉवर्ड यांनी १७७७ च्या आपल्या पुस्तकात ही रीत उघड केली.

कोर्टात मात्र ‘सावध करणं’ हा जुना अर्थ टिकला, आणि आपल्याला कामाचा आहे तो हाच. समजा, एका ठेकेदाराने गटाचे पापड नेले, पैसे बुडवले. गटाने दावा जिंकला, तरी तो देत नाही. पण एका दुकानदाराकडे त्या ठेकेदाराचं येणं आहे. मग आपण अर्ज केला तर कोर्ट त्या दुकानदाराला नोटीस काढू शकतं : ते पैसे कोर्टात भरा, नाहीतर का भरायचे नाहीत ते येऊन सांगा. ज्याला नोटीस येते तो ‘गार्निशी’. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश २१ मध्ये, नियम ४६-क घालून ही तरतूद स्पष्ट केली. बहुतेक वेळा गार्निशी म्हणजे बँकच असते.

उद्या गटच गार्निशी होऊ शकतो. आपण मसालेवाल्याचे पैसे देणं लागतो आणि त्याच्यावर कुणाचा हुकूमनामा आहे, असं झालं तर नोटीस आपल्या नावाने येईल. ती डब्याखाली सारून ठेवायची नाही. गप्प बसलं तर कोर्ट ती रक्कम आपल्याकडून वसूल करू शकतं. नोटीस घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीत जायचं. महिलांना तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो.

आणि कर्ज आपल्याच घरावर असलं तर? त्याच कायद्याचं कलम ६० सांगतं, कर्जदाराच्या घरातली गरजेची स्वयंपाकाची भांडी, कपडे आणि अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. मजुराची मजुरीही नाही. आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, आपल्याकडे म्हणजे मंगळसूत्र, तोही नाही.