मातीतला हुतुतू आणि मॅटवरची कबड्डी

श्रोतेहो, दिवाळी सरली, भाताची कापणी-झोडणी उरकली, की मुरबाड-शहापूरच्या गावागावांतून मोकळी झालेली खाचरे नि खळी पोरांच्या ताब्यात जातात. माळशेज घाटाच्या वाटेवरचे टोकावडे घ्या, वैशाखरे घ्या, मोरोशी घ्या, नाही तर शहापूरकडचा एखादा पाडा घ्या. ढेकळे फोडायची, खुंट उपटायचे, चुन्याच्या नाही तर राखेच्या रेघा ओढायच्या, की झाले मैदान तयार. ना चेंडू लागत, ना काठी, ना जाळी. सात गडी इकडे, सात गडी तिकडे.

पण सामना सुरू झाला, की रेघेबाहेर बसलेल्या वडीलधाऱ्यांची कुजबुजही सुरू होते. “आमच्या वेळचा हुतुतू काही निराळाच होता. एकेक गडी म्हणजे पहाड. पकडला, की तोंडात माती गेल्याशिवाय सुटायचा नाही. आता काय, शिवायचे नि पळायचे!” दूरचित्रवाणीवर रंगीबेरंगी मॅटवरचा सामना लागला, की ही कुरकुर आणखी वाढते. खेळ मऊ झाला, खेळातली रग गेली, असे ही मंडळी म्हणतात.

ही तक्रार थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ज्यांनी गुडघे फोडून घेऊन हा खेळ जपला, त्यांची ती तक्रार आहे. पण ती कितपत खरी, हे ताडून पाहायचे तर खेळाचा मागला इतिहास थोडा चाळला पाहिजे.

आपण ज्याला जुना हुतुतू म्हणतो, तो तरी कुठे एक होता? नावेच पाहा. आपल्याकडे हुतुतू, मद्रासकडे चेडुगुडु, बंगालात हाडुडु. प्रकारही तीन होते. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी, समोरचा गडी बाद झाला म्हणजे पुन्हा जिवंत होई. गामिनी प्रकारात एकदा बाहेर बसला तो बसला. सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला आत यायला मिळत नसे. अमर प्रकारात कुणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजायचे. याखेरीज गावागणिक आणखी रिवाज होते, ते वेगळेच. मैदान केवढे, गडी किती, याचा निकाल त्या त्या गावचा पंच देई. दोन गावांचा सामना ठरला, की निम्मा वेळ कायद्याच्या वादात जाई आणि उरलेला निम्मा कधीकधी हाणामारीत!

या पसाऱ्याला शिस्त लावण्याचे काम प्रथम आपल्याच मुलखात झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधायला हात घातला. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली नियम छापून मोठ्या स्पर्धा भरवल्या. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते नियम पुन्हा तपासून नीटनेटके केले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्यांत हुतुतूही होता. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ निघाला, १९५२ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि १९५५ साली स्त्रियांच्याही. सबंध देशाने मिळून खेळायचे, तर एक नाव हवे, म्हणून कबड्डी हे नाव कायम झाले. आपला हुतुतू त्या नावात सामावला गेला. प्रकारांपैकी संजीवनीचा कित्ता उचलला गेला. बाद झालेला गडी पुन्हा आत येतो तो तिथूनच.

तात्पर्य, आजचे वडीलधारे तरुणपणी जो खेळ खेळले, तोही सुधारून घेतलेलाच खेळ होता. त्यांच्या आधीच्या पिढीने त्यांच्याकडे पाहूनही “रग राहिली नाही” असेच म्हटले असणार!

आता नियमांनी नेमके काय काढून घेतले, ते पाहू. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून किंवा गळा आवळून दम तोडणे, हा गुन्हा ठरला. दोन पायांच्या कैचीत गडी धरणे गुन्हा ठरला. इजा होईल अशी राक्षसी पकड करणे गुन्हा ठरला. अंगाला तेल चोपडून निसटायची जुनी युक्ती बंद झाली. नखे कापून मैदानात उतरायचे, असे बंधन आले. ही यादी वाचली, म्हणजे पूर्वी काय काय चालत असे, हे निराळे सांगायला नको.

शेतकरी बंधूंनो, या नियमांकडे जरा आपल्या बाजूने पाहा. कबड्डी खेळणारा गडी कोण? बहुधा तो घरचा कर्ता मुलगा. भर हंगामात त्याचा पाय मोडला, तर खेळातला एक डाव जातोच; पण शेतावरचा माणूस जातो, मजुराचे पैसे अंगावर बसतात, वर्षाचे गणित चुकते. ज्याच्या घरी बसून खाण्याची सोय आहे, त्याने रगीचा अभिमान बाळगावा. हातावर पोट असलेल्याला नियमाची दयाच बरी. शिवाय आणखी एक गोष्ट. धसमुसळेपणाला लगाम बसला, तेव्हा आईबापांनी मुलींनाही मैदानात पाठवले. २०१० साली ग्वांगझू येथे एशियाई खेळांत स्त्रियांची कबड्डी आली, तेव्हा भारताच्या मुलींनी पहिलेच सुवर्णपदक आणले. गळा आवळण्याच्या खेळात हे घडते ना!

मग जुन्या प्रेक्षकाचे काहीच गेले नाही, असे म्हणावे काय? नाही. दोन गोष्टी खरोखर बदलल्या आहेत.

पहिली गोष्ट दमाची. पूर्वी छातीत दम असेल तोवर चढाई चाले. लांब दमाचा गडी समोरच्या अंगणात हिंडत राही, सापासारखी मान डोलवी, आणि सारे मैदान श्वास रोखून त्याचा श्वास ऐके. आज चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. शब्द अजून अखंड घोकावाच लागतो. पण गजरात तो ऐकू येईनासा झाला आणि लोकांचे डोळे घड्याळाकडे लागले. दमाची मौज कमी झाली, हे कबूल करायलाच हवे.

पण हा नियम आला कशाने, तेही ध्यानी घ्या. चार गुणांनी पुढे असलेला संघ मध्यरेषेपाशी नुसता घुटमळून वेळ काढी. प्रेक्षक कंटाळत, मागे पडलेला संघ चडफडत बसे. आता वेळ ठरली. त्यात २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा तिने आणखी एक पाचर मारली : दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाही तर गडी बाद. उलट बाजूने, तीन किंवा कमी गडी उरलेल्या संघाने पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण. म्हणजे हरत आलेल्यालाही उठून उभे राहायची संधी मिळाली. ताकद कमी झाली असेल वा नसेल, डोक्याचे काम मात्र खास वाढले.

दुसरी गोष्ट मातीची. पूर्वी मैदान म्हणजे चाळलेली माती, शेणखत नि लाकडाचा भुसा. आता मोठे सामने बंद सभागृहात, मॅटवर, पायांत बूट घालून होतात. मातीत पाय थोडा घसरतो, घसरला तरी सावरतो. मॅटवर तो चिकटतो. म्हणून तिथे वळण्याची, सूर मारण्याची, उडी घेण्याची रीतच वेगळी. अंग खरचटत नाही, वेग वाढतो; पण पाय जागीच अडून गुडघा मुरगळला, तर तो फार दिवस छळतो. तेव्हा मॅटवरचा खेळ अगदीच मऊ आहे, असे समजू नये. मार तोच आहे, त्याची जागा बदलली आहे.

जमीन बदलली, की खेळाचे काय होते, हे पाहायचे असेल तर हॉकीचे उदाहरण घ्या. हॉकीत भारत म्हणजे एके काळी जगाचा गुरू. १९२८ ते १९५६ या काळात जेवढी ऑलिंपिके झाली, त्या साऱ्यांतले हॉकीचे सुवर्णपदक आपले. १९७५ साली हिरवळीवर आपण विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम गवत अंथरले गेले आणि आपण सातवे आलो! १९८० साली मॉस्कोत सुवर्ण मिळाले खरे, पण त्या वर्षी पुष्कळ देश बहिष्कारामुळे आलेच नव्हते. त्यानंतर पुन्हा पदक दिसले ते टोकियोला, २०२१ साली, ४१ वर्षांनी. या घसरणीला एकटे गवत कारण नव्हते. पण गवत हे एक मोठे कारण होते. आपली मुले मातीवर नि साध्या हिरवळीवर शिकत, आणि कृत्रिम गवताची मैदाने देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जुने रसिक चेंडू खेळवण्याच्या कलेसाठी हळहळत राहिले आणि दरम्यान परके देश पुढे निघून गेले.

आपल्याच महाराष्ट्रातले दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीतले मल्ल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा मॅटची सवय नव्हती, सहावे आले. त्यांनी मॅटला दोष दिला नाही. मॅटवरच्या कुस्तीचे डावपेच आणि तिचे नियम आत्मसात केले आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीने दिलेली ताकद त्यांनी टाकली नाही, तिला नवी रीत जोडून दिली.

कबड्डीपुढेही आज हाच प्रश्न आहे. १९९० साली बीजिंगच्या एशियाई खेळांत कबड्डी प्रथम पदकासाठी खेळली गेली. तेव्हापासून २०१४ पर्यंत सातही वेळा पुरुषांचे सुवर्ण आपले. २०१८ साली जकार्त्याला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. मुलींनाही अंतिम सामन्यात इराणनेच हरवले. २०२३ साली हांगझोऊला दोन्ही सुवर्णे परत आली, पण धडा मिळायचा तो मिळाला. ज्या खेळाचे नियम आपण बांधले, तो शिकून दुसरा आपल्याला हरवू शकतो.

म्हणून मला वाटते, खेळ मऊ झाला ही चिंता मोठी नव्हे. खरी चिंता निराळीच आहे. हा खेळ महाग होऊ पाहतो आहे. मातीच्या मैदानाला दमडी लागत नव्हती. मॅटची किंमत लाखांत जाते. मॅट घालायचा तर वर छप्पर हवे, पायांत बूट हवेत. आमच्या पाड्यावरच्या ठाकर, कातकरी, कुणबी पोराने हे कुठून आणावे? कबड्डीचे सारे मोठेपण एकाच गोष्टीत होते : ज्याच्याजवळ काही नाही, त्यालाही ती खेळता येई. ते मोठेपण गेले, तर मात्र रग खरोखरच गेली असे म्हणावे लागेल.

यावर उपाय काय? शिक्षक मित्रांनो, मॅट येईल तेव्हा येईल. तालुक्याला एखादा सामाईक मॅट मिळावा, अशी मागणी जरूर करा. पण तोवर मातीवरच नवा खेळ शिकवता येतो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आखा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतानाच बोनस मिळतो, हे मुलांकडून पाठ करून घ्या. घड्याळ घेऊन ३० सेकंदांची चढाई खेळवा. तिसऱ्या चढाईचा नियम लावून पाहा. नखे तपासा. गळ्याला हात लावणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. आणि मुलींचा संघ उभा करायला विसरू नका. हे सारे शिकायला एक पैसा लागत नाही.

आणि वडीलधाऱ्या मंडळींना एक विनंती. तुम्ही नुसते रेघेबाहेर बसून हळहळू नका. चढाईवाल्याची नजर एकीकडे नि पाय दुसरीकडे जातो, हे ओळखायची तुमची जी विद्या आहे, ती मॅटवरही तितकीच चालते. घोट्याला हात कधी घालायचा, साखळी कधी आवळायची, कोपऱ्यातल्या गड्याने किती थांबायचे, हे कोणत्याही नियमाने बाद केलेले नाही. पोरांजवळ बसा, ते शिकवा, आणि त्यांच्याकडून नवे नियम समजून घ्या. नियम कळले, की नव्या खेळातली खुमारीही कळू लागते.

शेवटी या खेळाचा गाभा काय? एकट्याने, हातात काही न घेता, सात जणांच्या अंगणात जायचे, काही काम करायचे नि दम राखून आपल्या घरी परत यायचे. खाली माती असो की मॅट, हा गाभा अजून शाबूत आहे. तो आपल्या खाचरांतूनही शाबूत राहावा, एवढे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.