सुवॉनची सुरी, लॉस एंजेलिसची करवत

कोरियन किराणा दुकानात गाल्बीच्या, म्हणजे भाजायच्या बरगड्यांच्या, मॅरिनेडच्या काळसर बाटल्या ओळीनं मांडलेल्या असतात. बरगड्या त्यात भिजवल्या की भाजताना आपोआप मऊ होतात, असा अनेकांचा समज असतो. चव बाटलीतून येते, हे खरं. मऊपणाचं श्रेय मात्र सुरीला, करवतीला आणि ताज्या फळाला द्यायला हवं.

दक्षिण कोरियात गाल्बीसाठी सगळ्यात नावाजलेलं शहर म्हणजे सुवॉन. राजा जोंगजो यानं १७९४ ते १७९६ या काळात तिथं ह्वासोंगची तटबंदी उभारली, परिसरात शेती वाढावी म्हणून शेतकऱ्यांना बैल पुरवले. पुढे सुवॉनचा गुरांचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत मोडू लागला. जिथं गुरांचा बाजार, तिथं बरगड्यांना काय तोटा? यंगडोंग बाजारात १९४५ साली ई ग्वी-सोंग यांनी ह्वाचुनोक ही खाणावळ काढली. आधी तिथं सकाळचं गरम सूप मिळे. १९५६च्या सुमारास मुरवलेल्या बरगड्या कोळशावर भाजून मिळू लागल्या आणि खाणावळीचं नाव देशभर झालं.

बरगडीवरचं मांस चिवट. एरवी ते तासन्‌तास शिजवावं लागतं. निखाऱ्यावर मिळतात जेमतेम काही मिनिटं. म्हणून कोरियन खाटीक हाडाला धरून असलेलं मांस सुरीनं थराथरानं उलगडत नेतो, लांब पातळ पट्टी करतो आणि तिच्यावर आडव्यातिडव्या चिरा देतो. मला या सगळ्या कुळकथेत हा हात सर्वांत मोलाचा वाटतो. सुवॉनमध्ये मुरवताना मिठावर भर असतो. इतरत्र सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल आणि किसलेली नाशपाती. नाशपातीतली विकरं मांसातली प्रथिनं तोडतात. आपल्याकडे मटणाला कच्ची पपई चोळतात, तीही याचसाठी.

अमेरिकेनं १९६५मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि लॉस एंजेलिसमध्ये कोरियन कुटुंबं मोठ्या संख्येनं येऊ लागली. ऑलिंपिक बुलेव्हार्डवर १९७१मध्ये हाय डक ली यांनी ऑलिंपिक मार्केट सुरू केलं आणि त्याच्या आसपास कोरियाटाउन वाढलं. तिथल्या मांसाच्या दुकानांत विजेची करवत होती. तिनं बरगड्या हाडांसकट आडव्या कापल्या की सेंटिमीटरभर जाडीच्या पट्ट्या निघत, एकेका पट्टीत हाडांच्या तीन गोल चकत्या. सुरीचं नाजूक काम वाचलं, पातळपणा टिकला. हीच एलए गाल्बी. कोरियात अमेरिकी गोमांसाची आयात वाढल्यावर ती मायदेशीही रुळली. आज सोल्लाल आणि चुसॉक या सणांना घरोघरी होते.

बाटलीची वाट अमेरिकेत आधीच मोकळी झाली होती. जपानच्या किक्कोमाननं १९६१मध्ये तिथं तेरियाकी सॉस बाजारात आणला होता. सोया आणि साखरेचं तयार मिश्रण मांसाला लावून भाजायचं, ही सवय अमेरिकी स्वयंपाकघराला लागली. पुढे सीजे, सेम्पिओ अशा कोरियन कंपन्यांची गाल्बी मॅरिनेडंही बाटलीतून विकली जाऊ लागली. घरी नाशपाती सोलून किसण्याइतका वेळ नसलेल्या माणसाला त्यातून नेहमीची ओळखीची चव मिळाली, आणि परदेशात कामाच्या पाळ्या करणाऱ्या कुटुंबांसाठी ही लहान गोष्ट नव्हती.

पण टिकावं म्हणून असं मिश्रण तापवतात, आणि उष्णतेनं फळातली विकरं निकामी होतात. लेबलावर नाशपातीचा गर असला, तरी त्याचा गोडवाच काय तो उरतो. म्हणून जाणत्या बाया बाटली वापरतानाही थोडी ताजी नाशपाती किसून घालतात. किवीचं विकर फार तेज; ती घालायची तर चमचा-दोन चमचे, आणि रात्रभर ठेवायची नाही, नाहीतर मांसाचा लगदा होतो. मुरवण्याआधी पट्ट्या थंड पाण्यात भिजवून रक्त आणि करवतीनं उडालेला हाडाचा भुगा धुऊन काढायचा आणि त्या कोरड्या टिपून घ्यायच्या. पाणी राहिलं तर मॅरिनेड पातळ होतं, आणि निखाऱ्यावर मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं.