मद्रासचा ऑक्टोबर

आज तोफा कमी, वारा जास्त.

१९८३च्या ऑक्टोबरात मी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, ओटीएसमध्ये कॅडेट होतो. नुकताच बीए होऊन पुण्याहून आलेला. दसरा झाला की पावसाळा संपला हे आपलं गणित, म्हणून रेनकोट ट्रंकेच्या तळाशी. आठवडाभरात रात्रीच्या सरावात असा भिजलो की हातातल्या नकाशाचा लगदा झाला.

माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसाची इथेच फसगत झाली होती. सप्टेंबर १७४६मध्ये फ्रेंच आरमारप्रमुख ला बूर्दोने याने इंग्रजांकडून मद्रास जिंकलं. मग खंडणीची बोलणी, डुप्लेशी भांडण, यात दिवस गेले. मद्रासला तेव्हा बंदर नव्हतं. जहाजं उघड्या समुद्रात नांगरलेली. १३ ऑक्टोबरच्या रात्री वादळ आलं. काही जहाजं बुडाली, काहींच्या डोलकाठ्या मोडल्या, शेकडो माणसं गेली. शहर हाती राहिलं, पण आरमार खिळखिळं झालं. उरलेली जहाजं घेऊन तो अखेर मॉरिशसला परतला.

ऑक्टोबरच का? हवेचा प्रचंड साठा एकाच भूभागावर किंवा समुद्रावर बरेच दिवस पडून राहिला की तिथलं तापमान आणि ओलावा घेतो. ही वायुराशी. पावसाळ्यात अरबी समुद्राची ओली हवा सह्याद्रीवर रिकामी होते; मद्रासला उरतात संध्याकाळच्या गडगडाटी सरी. ऑक्टोबरात आशिया खंड निवू लागतो, वारा उलटतो आणि कोरडी हवा ईशान्येकडून निघते. महाराष्ट्रात ती जमिनीवरून येते, म्हणून दिवाळीची थंडी. मद्रासकडे जाताना मात्र वाटेत बंगालचा उपसागर. कोमट पाण्यावरून येता येता तिचा स्वभावच बदलतो. तिथल्या वर्षाच्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, आणि उपसागरात वादळं उठतात तीही याच दिवसांत.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेच्या ब्यर्कनेस पितापुत्रांनी थंड आणि उबदार वायुराशींच्या सीमेला रणांगणावरचाच शब्द दिला, फ्रंट. आपण ‘आघाडी’ म्हणतो. फौजी माणसाला हे आवडतंच! पण चेन्नईत तशी आघाडी दिसत नाही. दोन हवांच्या तापमानात फरकच थोडा, त्यामुळे शत्रू रांगेत येत नाही.

डिसेंबर २०१५च्या सुरुवातीला तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटीमीटर पाऊस झाला. अड्यार नदी घरांत शिरली, लष्कराच्या बोटी रस्त्यांवर आल्या. माझ्या एका बॅचमेटच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. तो जन्माने मद्रासचाच.