पैठणची ओवी आणि सासष्टीचे दोतोर्न

मुलांना मोक्षाचा अधिकार आहे की नाही, आणि असल्यास तो त्यांना कोणी द्यावयाचा, हा प्रश्न पैठणास नवा नाही. संन्याशाची मुले म्हणून आळंदीच्या ब्रह्मवृंदाने ज्यांना दाराबाहेर ठेवले, ती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार पोरकी भावंडे शुद्धिपत्रासाठी गोदातीरीच्या या धर्मपीठापुढे येऊन उभी राहिली, असे परंपरा सांगते. रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची कथा ज्याला जशी मानावयाची तशी त्याने मानावी. परंतु मुलाच्या पारलौकिक भवितव्याचा निवाडा जाणत्यांच्या सभेने करावयाचा आणि त्याचा लेखी कागद द्यावयाचा, ही वहिवाट त्या कथेत स्पष्ट दिसते. याच गावी पुढे तीन शतकांनी एकनाथांनी तो अधिकार प्राकृतात आणला. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका त्यांनी १५७३ मध्ये काशीस पुरी केली आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. श्रोत्याने शंका काढावी, वक्त्याने तिचे निरसन करावे, आणि हा सारा व्यवहार बायाबापड्यांच्या व पोरांच्या तोंडी सहज बसणाऱ्या ओवीत व्हावा, ही पद्धत नाथांच्या हाती परिपक्व झाली.

नाथ पैठणास ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करीत होते त्या सुमारास एक इंग्रज जेझुइट पाद्री गोव्याच्या सासष्टी महालात आपली मराठी शुद्ध करीत होता. थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. त्याच्या आगमनापूर्वीच ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाचा परिपाठ त्या मुलखात रुळला होता. १५४२ मध्ये आलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली हिंडे, मुले गोळा करी आणि प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा व श्रद्धेची कलमे त्यांच्याकडून सुरावर घोकून घेई. चर्चमधील या शिकवणीला गोव्याच्या लोकभाषेत ‘दोतोर्न’ म्हणतात.

घोकंपट्टीने मूल प्रार्थना म्हणू लागते, पण रमत नाही. हे ज्याने नेमके ओळखले, त्याच्या ग्रंथाचा जन्म अशा एका वर्गात झाला, असे तो ग्रंथच सांगतो. स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीचा प्रसंग मला सबंध ग्रंथात सर्वांत मोलाचा वाटतो. सासष्टीतील एका चर्चमध्ये आदित्यवारी दोतोर्नाचा पाठ चालला असता जमलेल्यांपैकी नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे होऊन पाद्री गुरूस विनवितो, की आपण शिकविता ते उत्तमच आहे. परंतु आमच्या जुन्या पोथ्यांना आता मनाई झाली, तेव्हा वेळ घालविण्यास आणि मन रिझविण्यास आमच्या भाषेत एखादे पुराण का नसावे? एवढ्या साध्या गाऱ्हाण्याचे उत्तर म्हणून दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला आणि १६१६ मध्ये रायतूरच्या जेझुइटांच्या छापखान्यातून तो बाहेर पडला. प्रश्न विचारणारा श्रोता, उत्तर देणारा गुरू, ओवी आणि अध्यायांची मांडणी हा सगळा घाट नाथांच्या मराठीला परका नव्हता. केवळ मुलांसाठी व नवशिक्यांसाठी म्हणून त्याने कोकणीत गुरू-शिष्यांच्या संवादरूपाने जी ख्रिस्ती शिकवण लिहिली, तीही त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये तेथेच छापली गेली.

त्या ब्राह्मणाच्या विनंतीतील ‘मनाई’ मात्र सहज ओलांडून जाण्याजोगी नाही. पोथ्या जप्त होत होत्या. ज्यांच्या अभ्यासाने पाद्र्यांची मराठी कसदार झाली, त्यांतील काही हस्तलिखिते एका नवख्रिस्त्याच्या हस्ते दुसऱ्याच्या घरातून उचलून आणलेली होती. याहून कठोर म्हणजे पोर्तुगालच्या राजाचे १५५९ चे फर्मान: आईबाप व आजीआजोबा हयात नसलेल्या हिंदू मुलांना जेझुइटांच्या सेंट पॉल विद्यालयाकडे सोपवावे, त्यांचा बाप्तिस्मा व्हावा आणि त्यांनी तेथेच वाढावे. ज्यांनी नवख्रिस्त्यांसाठी रसाळ पुराण रचले आणि ज्यांनी मुले सरकारी हुकमाने ताब्यात घेतली, ती मंडळी एकाच संघाची होती. ओवीचे माधुर्य सांगताना हे दडविणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

पोर कोणाचे, हा वाद पुढे १८४३ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला, आणि तेथे राजसत्ता ख्रिस्ती असूनही निकाल उलटा लागला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्रीने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय जेमतेम बारा, तोही पाद्र्यांच्या घरी राहू लागला. बापाने फिर्याद केली. मुलाला आपले हित कळण्याचे वय झालेले नाही, असे ठरवून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. परंतु कज्जा जिंकून मुलगा घरी आला, तरी पंक्तीत येईना: परधर्मीयांच्या घरी अन्न घेतलेल्या पोराला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर शास्त्रीमंडळींत रण माजले. त्याच्या शुद्धीचा कैवार घेणारे बाळशास्त्री जांभेकर यांनाही लोकनिंदा व बहिष्काराची झळ सोसावी लागली. ज्ञानदेवादिकांच्या कथेत निदान पत्र तरी मिळते. इथे मुलाने जन्मभर पुरेल इतका प्रवाद पदरी घेतला.

थोरला नारायण पुढे निजामाच्या मुलखात गेला. पैठणच्या ईशान्येस जालन्याजवळ, हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या कृपेने मिळालेल्या सुमारे ८०० एकर जमिनीवर त्याने ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. गोव्यात नवख्रिस्ती ब्राह्मणाला आपली पोथी हवी होती. मराठवाड्यात मिशनच्या दारी आलेल्या महार-मांगांच्या मुलांना पोथीला हात लावण्याचीच कधी मुभा नव्हती. त्यामुळे इथल्या रविवारच्या शब्बाथशाळेचे स्वरूप निराळे झाले. शुभवर्तमानातील वचन वाचता यावे म्हणून आधी अक्षर गिरवावे लागे, आणि तारणाचा संदेश व बाराखडी एकाच पाटीवर उमटत. त्या पाटीवरचे अधिक टिकाऊ काय ठरले, याविषयी मिशनरी आणि मुलाचा बाप यांचे मत एक झाले असते असे मला वाटत नाही.

१८३१ पासून अहमदनगरास असलेल्या अमेरिकन मराठी मिशनने ख्रिस्ती कीर्तन रुजविले, आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी उपासनेत अभंगाला हक्काची जागा मिळवून दिली. एवढा सगळा खटाटोप देशावर नव्याने करावा लागला, याचे कारण थोडे विनोदी आहे. दोतोर्नाच्या वर्गातून निघालेले ते ओवीबद्ध पुराण हाताशी तयार होते. पण ते रोमन लिपीत छापलेले, जुन्या आवृत्त्या दुर्मीळ, आणि १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमनच. देवनागरीत ते शांताराम बंडेलू यांनी आणले, १९५६ मध्ये. तोवर मराठवाड्यातील शब्बाथशाळांच्या तीन पिढ्या ते न वाचताच मोठ्या झाल्या होत्या.