मूठ कशाची, यापेक्षा बसवली कशी

रोज खिशात बाळगायच्या चाकूला टिकाऊ मूठ कशाची, असे विचारले की उत्तरादाखल पदार्थांची यादी मिळते: शिसव, सांबरशिंग, म्हशीचे शिंग, पितळ, हल्ली मिकार्टा. जो पदार्थ जितका कठीण तितकी मूठ टिकाऊ, असे या यादीमागचे गृहीतक असते. कोरड्या हवेच्या मुलखात ते बऱ्यापैकी खरेही ठरते. वसई-विरारच्या पट्ट्यात मात्र ते तपासून घ्यावे लागते. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी आणि तिच्या काठची मिठागरे अशा हवेत मूठ क्वचितच झिजून संपते. ती फुटते, आणि फुटते ते लोखंड जिथे तिच्यात शिरते तिथेच. पात्याची शेपटी आतून गंजते, गंज फुगतो, लाकडाला चीर जाते, चिरेतून आणखी खारे पाणी आत उतरते. म्हणून या किनाऱ्यावर टिकाऊपणाचा विचार पदार्थापेक्षा सांध्यापासून सुरू करावा लागतो. इथल्या जुन्या हत्यारांकडे पाहिले तर ती बनवणाऱ्यांनी तो तसाच केला होता, असे माझे म्हणणे आहे.

लोखंड आणि लाकूड यांचे जमते की बिनसते, याचे ज्ञान या भागाला जहाजांमुळे फार आधीपासून होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी आगाशी हे जहाजबांधणीचे नावाजलेले बंदर होते. पोर्तुगिजांनी १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते लुटले आणि १५३४ च्या तहाने वसईच ताब्यात घेतली. जहाजाला साग हवा, याचे एक कारण तो कुजत नाही हे, आणि दुसरे, आपल्या विषयाला जास्त जवळचे, म्हणजे सागातले तेल लोखंडी खिळ्याला जपते. युरोपातल्या ओकची गोष्ट उलटी. त्यातला तुरट आम्ल अंश ओलाव्यात लोखंड खातो आणि खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. आता हाच हिशोब मुठीला लावला तर पूर्वेच्या जंगलातला खैर लगेच संशयास्पद ठरतो. खैर कठीण आणि जड, पण ज्या लाकडापासून कातकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कात काढला त्यात तुरटपणा किती असेल हे वेगळे सांगायला नको. बाभळीचेही थोडेफार तसेच. कठीण लाकूड म्हणजे टिकाऊ मूठ हे समीकरण इथे पहिल्यांदा डळमळते.

यावर सरळ आक्षेप येतो: मग कोयत्याला सागाची मूठ सर्रास का नाही? एक कारण लाकडाचेच आहे. साग पाण्याला दाद देत नाही, पण वारंवारच्या हादऱ्याला तो चिवट नाही. तो उभा चिरतो. घाव घालायच्या हत्याराला धामणीसारखे लवचीक किंवा बाभळीसारखे चिवट लाकूड लागते. दुसरे कारण सत्तेचे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी अरण्यातला साग हुजूरच्या परवानगीनेच तोडावा असे बजावले आहे. वसई तेव्हा पोर्तुगिजांकडे होती, पण सागाकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची नजर सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखीच असणार. पुढे १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आली आणि आदिवासीच्या हातून साग जवळजवळ गेलाच. उरले ते बांधावरचे झाड आणि छाटलेली फांदी. मुठीच्या इतिहासात हा मुद्दा सहसा येत नाही: माणूस जे निवडतो ते त्याला काय तोडू दिले जाते यावरही ठरते.

या उरलेल्या लाकडातून जी पद्धत तयार झाली ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवर वारली किंवा कातकरी माणसाच्या कमरेला लाकडी आकडी असते आणि तिच्यात कोयता अडकवलेला असतो. रोजच्या वापराचा, सतत अंगावर असणारा चाकू इथे हाच. लंगोटीला खिसा नसतो, त्यामुळे मिटत्या चाकूची गरज कुणाला पडली नाही. घिसाडी किंवा गावचा लोहार पाते घडवून देतो. मूठ पुष्कळदा घेणाराच बसवतो. शेपटी लाल होईपर्यंत तापवायची आणि भोक पाडलेल्या लाकडात ठोकायची. लाकूड जळत जळत शेपटीचा अचूक आकार घेते, वर शेंबी चढवली की चीर रोखली जाते. दोन-चार पावसाळ्यांत मूठ ढिली झाली की ती फोडून काढायची, शेपटीवरचा गंज घासायचा आणि नवी ठोकायची. मूठ जाणार हे गृहीत धरलेले असल्यामुळे पाते वाचते, कारण लपलेली शेपटी अधूनमधून उजेडात येते. वीस वर्षे न निघणारी उत्तम मूठ इथे धोक्याची. ती निघते तेव्हा आत शेपटीच उरलेली नसते. माडावर चढून दिवसातून दोन-तीनदा पोय तासणाऱ्या भंडाऱ्याच्या हत्याराला तर आणखी एक अट होती: घामेजलेल्या हातातून ते निसटता कामा नये. घाम शोषणारे साधे लाकूड ती अट पुरी करते, गुळगुळीत शिंग किंवा पितळ करत नाही.

ही सारी गरिबीची तडजोड आहे, तिला कारागिरीचा विचार कशाला म्हणायचे, असे कुणी म्हणेल. पैसा असता तर यांनीही कायमची मूठ घेतली असती, हा आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर श्रीमंतांच्या हत्यारांत सापडते. फिरंग नावाची तलवार घ्या. तिचे पाते युरोपातून, बऱ्याचदा जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावातून, पोर्तुगिजांच्या आणि इतरांच्या व्यापारातून आलेले. मूठ मात्र इथल्या धाटणीची, लोखंडी. शेपटी पोकळ मुठीत घालून आत तापवलेली लाख किंवा राळ ओतली जाई. मूठ पुन्हा शेकली की लाख मऊ होऊन पाते मोकळे होई. ज्या सरदाराला सोन्याचे पाणी चढवलेली मूठ परवडत होती त्यानेही ती कायमची जोडून घेतली नाही. त्याहून मागे जायचे तर विदर्भातल्या माहुरझरी आणि नायकुंड येथील महापाषाणयुगीन दफनांत चपट्या लोखंडी कुऱ्हाडी मिळाल्या आहेत, दांड्याशी आवळायच्या लोखंडी पट्ट्यांसह. दांडे मातीत गेले, पट्ट्या राहिल्या. मुठीच्या अभ्यासकाला पुरावा मिळतो तो असा, न उरलेल्या वस्तूच्या कडेकडेने. पण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहारानेही सांध्यावर स्वतंत्रपणे लोखंड खर्च केले होते, एवढे त्यातून नक्की दिसते.

मिटत्या चाकूची अडचण निराळी आणि तिथे माझा युक्तिवाद थोडा नरम करावा लागतो. इथे घाव नसतो, म्हणून कठीण पण ठिसूळ पदार्थ चालतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारखान्यांना लागणारे सांबरशिंग आणि म्हशीचे शिंग भारतातूनच जाई. सांबरशिंग दाट असते, आत भुसभुशीत गाभा कमी, आणि ते दरवर्षी गळते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि पुढच्या दुरुस्त्यांनंतर सांबरशिंगाचा व्यापार संपला, ते योग्यच झाले. म्हशीचे शिंग आजही मिळते, पण ते ओलावा पिऊन वाकते आणि त्याला कीड लागते. लाकडी मूठ फुगली तर पाते खाचेत अडकते. जोसेफ ओपिनेलने १८९० च्या सुमारास फ्रान्समध्ये सुरू केलेला लाकडी मुठीचा साधा चाकू जगभर गेला, पण पावसात भिजला की उघडत नाही ही त्याची तक्रार आजतागायत आहे. कोकणच्या आषाढात त्याचे काय होईल याची कल्पना करावी. सगळ्यात बोलका धडा सेल्युलॉइडचा. १८७० च्या आसपास आलेला हा पदार्थ हस्तिदंताची आणि कासवाच्या पाठीची हुबेहूब नक्कल करी. पण उष्ण, दमट हवेत तो कुजतो तेव्हा त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचे पाते गंजवते. स्वतः न गंजणाऱ्या मुठीने पाते खाल्ल्याचे हे उदाहरण कॅटलॉगात अर्थातच छापले गेले नाही.

आता प्लास्टिक आणि राळेत दाबलेल्या कापडाचा मिकार्टा आहे. ते पाणी पीत नाहीत, फुगत नाहीत, कुजत नाहीत. मग निघणाऱ्या मुठीचा आग्रह जुनाट नाही का? नायगावच्या किंवा अर्नाळ्याच्या होडीवर मासे कापायचे असतील तर ओतीव प्लास्टिकच्या मुठीचा स्टेनलेस चाकू सरस, हे मान्य केलेच पाहिजे; तो धुता येतो, वास धरत नाही आणि स्वस्त असल्याने समुद्रात पडला तरी कुणी हळहळत नाही. मासळी बाजारात तर हा प्रश्नच उरत नाही. तिथली कोळीण पायाखाली दाबलेल्या विळीवर दोन्ही हातांनी मासा सरकवते, आणि विळीला मूठ नसतेच. पण खिशातला चाकू वर्षानुवर्षे वापरायचा, धार लावून पुन्हा वापरायचा असतो. त्यात मिकार्टाच्या पट्ट्या जर पक्क्या रिव्हेटांनी जाम केल्या असतील, तर पट्टीखाली शिरलेले खारे पाणी तिथेच राहते आणि पट्टी शाबूत असताना आतले पोलाद डागाळते. त्याच पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर पावसाळ्यानंतर उघडून, पुसून, तेलाचे बोट फिरवून परत बसवता येतात. वसईच्या हवेसाठी मी स्क्रूची सागवानी मूठ रिव्हेटच्या मिकार्टापेक्षा वरची मानतो. स्क्रूचा मिकार्टा अर्थात दोन्हींहून बरा, फक्त ते स्क्रू स्टेनलेस किंवा पितळी हवेत. साध्या लोखंडाचे निघाले तर दुसऱ्याच पावसाळ्यात ते फिरणार नाहीत.