कोठार आधी उघडलं, देव मागून आला



देव देतो, ही आपली श्रद्धा. पण तो कधी देतो? आपण हात जोडून बसल्यावर, की हात मोकळा सोडल्यावर? याचं उत्तर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या चरित्रात आहे. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 1762 साली ‘भक्तविजय’ ग्रंथ पूर्ण केला, त्यात ही कथा आली आहे.

काळ पंधराव्या शतकातला. राज्य बिदरच्या बहामनी बादशहाचं. आपल्या औशाचा किल्लाही त्याच राज्यातला, म्हणजे दामाजीपंत काही परमुलखातले नव्हेत. मंगळवेढ्याचा कारभार त्यांच्याकडे होता. पाऊस गेला, दुष्काळ पडला, माणसं अन्नाला महाग झाली. कोठारं भरलेली होती, पण धान्य सरकारचं! वाटावं तर बादशहाचा गुन्हा, मान जाणार. न वाटावं तर दाराशी लेकरं तडफडून मरणार. पंतांनी काय केलं? कोठारं उघडली आणि रयतेला सांगितलं, न्या!

बिदरला कागाळी गेली. पंतांना धरून नेण्याचा हुकूम सुटला. आणि परंपरा सांगते, पंत दरबारात पोचायच्या आधी पांडुरंग विठू महाराच्या रूपानं तिथं गेला, धान्याची किंमत चुकती केली, वर पावतीसुद्धा घेतली.

आता इथं जरा थांबा. आपल्याला ती पावती तेवढी आठवते. पण क्रम बघा ना! कोठारं उघडली तेव्हा पावती कुठं होती? देव येईल असं पंतांना कुणी सांगितलं होतं का? नाही. त्यांच्यापुढं फक्त मरण दिसत होतं, तरी त्यांनी कडी काढली. भरवसा म्हणतात तो याला. पावती हातात आल्यावर ठेवायचा तो हिशेब, बरं का!

कुणी म्हणेल, महाराज, ही जुनी कथा झाली. मग आपल्या औसा तालुक्यातलं किल्लारी आठवा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी. अनंत चतुर्दशीच्या गणपतीचं विसर्जन करून माणसं नुकती निजलेली. धरणी हलली आणि दगडमातीच्या भिंती, माळवदं अंगावर आली. हजारो जीव गेले. देव तेव्हा कुठं होता, असं अजूनही लोक विचारतात. मायबाप, ते का गेले, याचं उत्तर माझ्या पोथीत नाही. मात्र जे गेले त्यांचा भाव कमी पडला, असं कुणी म्हणत असेल तर त्याच्या मुखात देव नाही. रात्रभर ज्यांनी देवाचं नाव घेतलं, त्यांचा भाव मोजणारे आपण कोण?

पण जे वाचले, त्यांच्यासाठी गावोगावच्या चुली पेटल्या. भाकरी आल्या, कपडे आले, ढिगारे उपसायला अनोळखी हात आले. जात कुणी पुसली नाही. विठू कुठल्या रूपानं येतो, हे त्या दिवसांत डोळ्यांनी दिसलं.

आता आपलं बघा. मृगाचा पाऊस पडला की कुणबी चाड्यावर मूठ धरतो. पुढं पाऊस येईल का, भाव मिळेल का, काही ठाऊक नसतं. उसनवारीनं आणलेलं बी तो मातीच्या हवाली करतो. आधी हमी द्या, मग पेरतो, असं त्यानं म्हटलं असतं तर तुमच्या-माझ्या ताटात भाकर आली असती का?

म्हणून कठीण दिवस आले तर देवाला हाक जरूर मारा. पण हाक मारताना शेजारच्या घरातली चूल पेटली की नाही, तेवढं बघून या. आपल्या कणगीत पायलीभर असेल तर त्यातलं शेरभर काढा. पुढचं पांडुरंग जाणे!

रामकृष्ण हरी!