व्हरांड्यापासून काचेच्या भिंतीपर्यंत : मुंबईच्या कचेऱ्या आणि वारा

उष्ण आणि दमट हवेत माणसाला दिवसभर टेबलाशी बसून काम करता यावे यासाठी इमारतीने काय करावे आणि यंत्राने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर मुंबईतील कचेऱ्यांनी दीडशे वर्षांत पूर्णपणे बदलले, आणि आज ‘पर्यावरणपूरक कार्यालय’ या नावाने ज्याची चर्चा होते त्याचा बराचसा भाग या बदलाच्या इतिहासातच दडलेला आहे.

१८६२ साली गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर, आजच्या ओव्हल मैदानाच्या पूर्व कडेला, सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. त्यांपैकी कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी आखलेले आणि १८७४ साली पूर्ण झालेले सचिवालय, म्हणजे आजच्या शहर दिवाणी व सत्र न्यायालयाची इमारत, कचेरी म्हणून बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिचे तोंड पश्चिमेला आहे. मुंबईत दुपारनंतरचे कडक ऊन पश्चिमेकडून येते आणि समुद्रावरचा वाराही त्याच दिशेने येतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत बंद केली तर वारा जातो आणि उघडी ठेवली तर ऊन आत शिरते. ही अडचण सोडवली ती कमानींच्या व्हरांड्याने. कामाची दालने व्हरांड्याच्या आत असल्याने ऊन कमानींच्या सावलीतच अडते, वारा मात्र सावलीतून थोडा निवून आत येतो. जाड दगडी भिंती दिवसभर उष्णता शोषून घेतात आणि ती सावकाश बाहेर टाकतात, तर उंच छतामुळे तापलेली हवा कामाच्या पातळीच्या वर साचते. दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेल्या अरुंद दालनातून हवा आरपार वाहते, याला स्थापत्यशास्त्रात आरपार वायुवीजन म्हणतात. दमट हवेत घाम वाळण्यासाठी हवा हलती असावी लागते, आणि म्हणून मुंबईत तापमान दोन अंशांनी उतरवण्यापेक्षा वाऱ्याला वाट देणे अनेकदा अधिक उपयोगाचे ठरते.

वारा पडला की पंखा लागे. लाकडी चौकटीला कापडाची झालर लावून ती छताला टांगलेली असे, तिची दोरी भिंतीतल्या छिद्रातून बाहेर काढलेली असे, आणि व्हरांड्यात बसलेला मजूर ती तासन्‌तास ओढत राही. या कचेरीला कोळसा लागत नव्हता, वीज लागत नव्हती, परंतु आतल्या अधिकाऱ्याचा गारवा बाहेरच्या माणसाच्या श्रमावर उभा होता, आणि डुलकी लागली म्हणून अशा मजुरांना झालेल्या मारहाणीच्या घटना वसाहतकालीन न्यायालयांच्या नोंदींत आहेत. जुन्या इमारतींचे गोडवे गाताना ही बाजू झाकली जाते, आणि ती झाकली जाऊ नये. कमानी, सावली आणि आरपार वारा हा त्या व्यवस्थेचा घेण्यासारखा भाग आहे, दोरी ओढणारा मजूर नाही.

घाटावरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या कामी येत. दारे-खिडक्यांना लावलेल्या या ताट्यांवर पाणी शिंपडले की बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते आणि आत येणारी हवा थंड होते. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंद असल्याने हा उपाय तिथे तोकडा पडतो, विदर्भात मात्र वाळ्याचे कूलर आजही चालतात. सरकारचा स्वतःचा उपाय याहून खर्चिक होता, कारण उन्हाळ्यात गव्हर्नर आणि त्यांचा कारभार महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला हलत असे.

१९०५ साली मुंबईत वीजपुरवठा व ट्राम कंपनी स्थापन झाली आणि १९१५ साली खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. छताच्या विजेच्या पंख्याने मजुराची सुटका केली, आणि तीही इमारतीच्या रचनेला धक्का न लावता, कारण पंख्याला उघड्या खिडक्या चालतात. उडणाऱ्या कागदांवर ठेवायचे काचेचे गोळे प्रत्येक कारकुनाच्या टेबलावर आले, एवढाच काय तो फरक. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदकामातून निघालेल्या भरावावर वसलेल्या बॅलार्ड इस्टेटमधील दगडी कचेऱ्या याच संधिकाळातल्या आहेत. उजेड व वारा खिडकीतून, उरलेली गरज विजेतून, हा समतोल फार काळ टिकला नाही, ही या इतिहासातील खरी हानी होय.

वातानुकूलन आधी चित्रपटगृहांत आले; १९३३ सालचे रीगल हे त्याचे ठळक उदाहरण. १९५४ साली व्होल्टास स्थापन झाली आणि पुढील दोन-तीन दशकांत नरिमन पॉइंटच्या भरावावर उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्यांत १९७४ सालची एअर इंडियाची इमारत येते. ट्यूबलाइट आणि वातानुकूलन यांमुळे टेबल खिडकीपासून कितीही दूर ठेवता येऊ लागले, मजले खोल झाले, छते उतरली, खिडक्या कायमच्या बंद झाल्या. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलात आणि अन्यत्र बाह्यभिंतीच काचेच्या झाल्या. काच ऊन आत घेते, तापलेल्या वस्तूंची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि मग ती उष्णता यंत्राने उपसावी लागते. वीज गेली तर अशा कचेरीत बसणे अशक्य होते, जे व्हरांड्याच्या कचेरीबाबत कधीच घडले नाही.

दुरुस्तीची सुरुवात कायद्याने झाली. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर २००७ साली इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली, आणि २०१७ च्या सुधारित संहितेने ठरावीक निकषांच्या मार्गाने जाणाऱ्या इमारतींत बाह्यभिंतीच्या ४० टक्क्यांहून अधिक भाग काचेचा नसावा असे बंधन घातले. पुण्यात हडपसरला २००९ साली ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखलेले सुझलॉनचे ‘वन अर्थ’ हे मुख्यालय सुरू झाले, जिथे सावली, अंगणे आणि दिवसाचा उजेड पुन्हा आराखड्याच्या केंद्रस्थानी आले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी मांडलेल्या अनुकूल सुखावस्थेच्या भारतीय प्रारूपाने त्याला शास्त्रीय आधार दिला. बाहेरच्या ऋतूनुसार माणसाला सुसह्य वाटणारे तापमान बदलते आणि भारतातील कर्मचारी परदेशी मानकांपेक्षा अधिक उष्णता सहज स्वीकारतात, असे त्याचे सार आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलन यंत्रे २४ अंशांवर लावूनच विकली जावीत हा नियम याच विचाराशी जुळतो, कारण तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

तरीही जुन्या दगडी सरकारी कचेऱ्यांतील अनेक व्हरांडे आज प्लायवूडच्या भिंतींनी बंद करून त्यांत केबिन आणि फायलींची कपाटे भरलेली आहेत, आणि त्यामागच्या अंधाऱ्या दालनांत दिवसा दिवे आणि वातानुकूलन यंत्रे चालतात. नव्या हरित इमारतींवर खर्च करण्याआधी शासनाने आणि महापालिकांनी आपल्या ताब्यातील हे व्हरांडे मोकळे करावेत.